हिरानानाचा हँडओव्हर

हिरानाना कोणाच्याही घरातून निघताना, चपला घालायच्या आधी, एकदा स्वयंपाकघरात डोकावायचा. सिलिंडरपाशी वाकायचा, रेग्युलेटर चाचपायचा, नळीवरून अंगठा फिरवायचा आणि घरातल्या बाईला विचारायचा, "बंद हाय ना?" लग्नघर असो की मयताचं घर, हे चुकायचं नाही. माझ्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला आला, तीर्थ घेतलं आणि प्रसादाचा द्रोण हातात धरूनच सरळ आत गेला. नवी नवरी सुनंदा घाबरली. मला हळूच म्हणाली, "कोण हो हे? आत कशाला शिरले?" मी म्हटलं, "बॉयलरवाला आहे. बघू दे त्याला."

रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत नाना एकतीस वर्षं बॉयलरवर होता. आमचं गाव पेणपासून खाडीच्या अंगाला, खारेपाटात. गावातली निम्मी माणसं गणपतीच्या कारखान्यांत, काही डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेक्यावर, आणि नाना एकटा रोह्याला. पेण स्टेशनवरून दिवा-रोहा गाडी धरायची, शिफ्ट करायची, परत यायचं. आमच्याकडे बापालाही अरे-तुरे करतात, त्यामुळे माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा असूनही नाना मला 'तो'च. आता उगाच आदर म्हणून 'ते' लिहायला लागलो तर त्याला हसू येईल. आदर दाखवायची वेळ होती तेव्हा मी काय केलं ते पुढे सांगणारच आहे.

कंपनी सुटली तरी नानाची वही सुटली नाही. शिफ्ट संपली की पुढच्या शिफ्टवाल्याला सगळी हकिगत लिहून द्यायची, याला तिकडे हँडओव्हर म्हणतात. नाना घरीही तेच करायचा. निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत नोंदी असायच्या: 'स. ६.४०. नळाला पाणी आले. प्रेशर कमी.' 'दु. १२.१५. नानीचा गुडघा दुखतो. तेल लावले.' बाहेर जायचं असलं की नानीला समोर उभं करून चार्ज द्यायचा. दूध विस्तवावर आहे, मांजर माळ्यावर आहे, मागचं दार लावलंय. नानी कपाळावर हात मारून सुनंदाला म्हणायची, "बघ गो, याला वाटतं मी सेकंड शिफ्ट हाय."

त्याचं एक वाक्य गावात पोरासोरांनाही पाठ होतं. "अपघात बिघाडानं होत नाय रं. पहिल्या शिफ्टला माहीत असतं आन् ती सांगत नाय, म्हणून होतो." पोरं त्याची नक्कल करायची. मीही केली आहे, शाळेच्या स्टाफरूममध्ये, आणि लोक पोट धरून हसले आहेत.

पनवेलला असलेल्या मुलाने त्याला मोठा टीव्ही आणून दिला, त्याच्यावर काय काय चालू करून दिलं, आणि नाना एका परदेशी मालिकेच्या नादी लागला. हिंदीत बोलणारी, अवकाशातली. नाव इंग्रजी होतं, ते त्याच्या तोंडी कधी बसलं नाही. तो तिला 'यान' म्हणायचा. गोष्ट अशी की पृथ्वी सोडून निघालेल्या एका अजस्र यानात माणसांच्या तीन पिढ्या झाल्या आहेत. वरच्या मजल्यांवर अधिकारी आणि त्यांची कुटुंबं, सगळ्यांत खालच्या मजल्यावर यंत्रं आणि ती चालवणारी माणसं. पोचायला अजून दोन पिढ्या आहेत आणि हवा कमी पडायला लागली आहे.

दर रविवारी जेवणं उरकली की मी नानाकडे जायचो. एक भाग बघायचा, त्यावर तास-दोन तास बोलायचं. मालिका बघणारे पुष्कळ असतात, पण नाना ती तपासायचा. कप्तानीण सुंदर होती, तिच्याकडे त्याचं लक्षच नसायचं. तो तिच्या मागच्या भिंतीवरचे काटे बघायचा. "मास्तर, एवढं मोठं यान. यात केर कोण काढतो?" हा त्याचा पहिला प्रश्न. तिसऱ्या भागात एक माणूस मागून झाडू फिरवत गेला तर नानाने टाळी वाजवली. "याचं नाव दिलं नाय बघ. ज्याचं नाव देत नाय तोच पुढं कामाला येतो." त्याच भागात तो झाडूवाला मेला. नाना दोन दिवस नाराज होता.

पण बाकी त्याचं सहसा चुकायचं नाही. सगळे प्रेक्षक बाहेरून येणाऱ्या शत्रूची वाट बघत होते, तेव्हा नाना म्हणाला, "आठ भाग झाले, बाहेरून कोण आलं? कोणीच नाय. हवा यांचीच यांनी अडवलीय. पाचव्या भागात मागं एक काटा दिसतो बघ, वरच्या मजल्याचं प्रेशर भरलेलं हाय. कुठला तरी वॉल्व्ह कोणीतरी बंद केलाय, आन् ते वरच्या कोणाला तरी माहीत हाय." त्याने तो भाग पुन्हा लावला, चित्र थांबवलं, आणि चष्म्यावर आणखी भिंग धरून मला तो काटा दाखवला. अकराव्या भागात तसंच निघालं.

याच दरम्यान सुमन आमच्यात यायला लागली. सुमन वाघमारे, गावाबाहेरच्या कातकरी वाडीतली. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकायला यायची आणि मग नानीबरोबर वाल सोलत बसायची. नाना तिला खुर्ची द्यायचा, ती जमिनीवरच बसायची. सातवीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. निवडणूक कोणालाही लढवता येते, मतदान गुप्त असतं, हे तिला मीच शिकवलं होतं आणि पाठ केलं नाही म्हणून एकदा बाहेर उभंही केलं होतं.

बाराव्या भागात यानात मतदान झालं. हवा पुरत नाही, तर खालचा मजला बंद करायचा का? वरच्या मजल्यांची सभा. हात वर करून मत.

सुमनने वाल सोलायचे थांबवले. "खालच्यांना मत नाय?"

"नाय," नाना म्हणाला.

"म्हणजे आमचीच वाडी की," ती म्हणाली आणि हसली.

सभेत एकेक हात वर जात होता. नानाने एकदम रिमोट दाबला. "थांब. ही बाई बघ." करड्या कपड्यातली एक साधी कारकून बाई, मागच्या रांगेतली. तिचा हात वर होता आणि मान खाली. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती. "हिला माहीत हाय वॉल्व्हचं. हात वर करणारे बाकीचे सगळे समोर बघतात, ही एकटी खाली बघतेय. हिच्यावर ध्यान ठेव मास्तर. शेवटच्या भागात ही बोलणार."

"आन् नाय बोलली तर?" सुमनने विचारलं.

"नाय बोलली तर मग एवढी मालिका काढली कशाला?"

त्यानंतर महिन्याभरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या गावात निवडणूक ही देवळात होते, मतदान नंतर उरकायचं म्हणून उरकतात. गावकी बसते, पंच नावं ठरवतात, नारळावर हात ठेवून सगळे हो म्हणतात. वाडीसाठी राखीव असलेल्या जागेवर पंचांचा म्होरक्या धर्मातात्या दरवेळी त्याच्या शेतावर राबणारी एक म्हातारी उभी करायचा. ती अंगठा द्यायची आणि तात्या कारभार करायचा. या वेळी सुमनने स्वतःच फॉर्म भरायचा ठरवलं. तिला पेणला घेऊन गेला हिरानाना. कागद त्याने लावले, फोटो काढायला पैसे त्याने दिले. परत आला आणि वहीत नोंद केली असणार.

गावात दोन तट पडले म्हणतात तसं झालं नाही. तट एकच होता, समोर वाडी आणि नाना. प्रचार तर भयंकरच झाला. वाडीचं पाणी दोनदा तोडलं. चांगली शिकलेली पोरं मोबाईलवर सुमनबद्दल नको नको ते लिहायची, आणि मी त्या ग्रुपमध्ये होतो. मी काही लिहिलं नाही. त्या वेळी मला ते फार मोठं वाटायचं, की मी काही लिहिलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी नाना ओट्यावर बसला होता. मी आजूबाजूला बघून हळूच म्हटलं, "नाना, माझं मत सुमनलाच."

"मना कशाला सांगतंस? गुप्त असतं ना?" तो म्हणाला, पण त्याला बरं वाटलं ते दिसलं.

सुमन पाच मतांनी निवडून आली. नुसती वाडीची मतं जिंकायला पुरणारी नव्हतीच. म्हणजे गावातली कोणाची तरी फुटली होती. दोन दिवसांनी संध्याकाळी गावकी बसली. देवळाच्या मंडपात बायका-पोरं सोडून सगळं गाव. नानाला मध्ये उभं केलं होतं.

धर्मातात्या म्हणाला, "हिरा, तू म्हातारा माणूस. तुझ्याशी आमचं वैर नाय. गावातली कोण कोण फुटली त्यांची नावं सांग, तुला सोडतो."

मी तिसऱ्या खांबाशी बसलो होतो. माझ्या बहिणीचं, मनीषाचं लग्न रोह्याच्या मुलाशी ठरलं होतं, वैशाखात. गावकीने हात काढला तर मांडवाला एक माणूस येणार नव्हता, आणि सोयरे तर आधीच पळाले असते. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. नानाने फक्त एकदा बघितलं असतं माझ्याकडे, तरी तात्याला पुरेसं होतं.

नानाने बघितलं नाही. अख्खी सभा होईपर्यंत त्याने माझ्या बाजूला मानच वळवली नाही. म्हणाला, "मतदान गुप्त असतं, तात्या. मना नाय माहीत कोणाचं."

मग तात्याने विचारलं, हिराच्या घराशी व्यवहार बंद करायचा, कबूल आहे त्यांनी हात वर करा. बोलणं बंद, दळण बंद, दुकान बंद, मयताला खांदा बंद. जो मोडेल त्याला दंड आणि तोही बाहेर. हात वर जायला लागले. माझाही गेला. मी मंडपाच्या फरशीकडे बघत होतो. एका फरशीचा कोपरा उडालेला होता, तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

असं कोणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. तसा कायदा आहे आपल्याकडे. मी तो शाळेत शिकवतो.

त्यानंतरच्या रविवारी मी नानाकडे गेलो नाही. पुढच्याही नाही. यानाचा शेवटचा भाग राहिला होता. नाना समोरचा रस्ता सोडून घरांच्या मागच्या पायवाटेने ये-जा करायला लागला, म्हणजे वाटेत भेटणाऱ्यांची अडचण नको. नानी आजारी पडली तेव्हा तिला पेणला न्यायला वाडीतली पोरं आली. सुमन म्हणत होती पोलिसात जाऊ. नानाने नको म्हटलं. ते तिने मला नंतर एकदा शाळेच्या फाटकाशी सांगितलं: "म्हणतो, साक्षीला नावं द्यावी लागतील. ज्याचं नाव घेईन तो घरचाच हाय." एवढं सांगून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी घड्याळ बघितलं आणि तास आहे म्हणून आत गेलो.

शिमगा झाल्यावरची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. सुनंदाने सुकट भाजली होती, घरभर तोच वास. मुलगी आजोळी गेली होती; मी, सुनंदा, आई आणि मनीषा टीव्हीसमोर बसलो होतो. आमचा सिलिंडर मागच्या पडवीत असतो, नळी भिंतीतून आत येते. तर मागच्या दारावर थाप पडली. फटीतून मनीषाने बघितलं आणि ओठांवर बोट ठेवून वळली. "हिरानाना."

आईने माझा दंड धरला. "उघडू नको. कोण बघंल."

मी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. आम्ही चार माणसं आपल्याच घरात श्वास रोखून बसलो. पुन्हा थाप पडली. तो बोलला नाही, हाक मारली नाही. हाक मारली असती तर शेजारी ऐकू गेली असती, आणि दंड आम्हाला बसला असता. तिसरी थाप. मग पडवीत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, एक बारीकसा खटका, आणि पावलं गेली. आईने नि:श्वास सोडला. मी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. खरं सांगतो, मी वाढवला.

चार वाजता सुनंदा चहा ठेवायला गेली तर गॅस पेटेना. ती पडवीत गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. रेग्युलेटर काढून बाजूला ठेवलेला होता. नळी भिंतीपाशी बोटभर चिरली होती. उंदराने खाल्ली असावी. सुकटीच्या वासात आम्हाला काही कळलं नव्हतं. मागच्या पायवाटेने जाणाऱ्या नानाला कळलं. सिलिंडरच्या कडीत वहीचं फाडलेलं पान खोचलेलं होतं.

'दु. २.५०. गॅसचा वास आला. दार वाजवले. रेग्युलेटर काढला. नळी चिरली आहे. बदलल्याशिवाय पेटवू नये. पुढच्या शिफ्टने नोंद घेणे.'

खाली सही नव्हती. पण ते अक्षर गावात कोणीही ओळखलं असतं. सुनंदाने ते वाचलं. म्हणाली, "जा हो. आत्ताच्या आत्ता जा त्यांच्याकडे." मी म्हटलं, जातो. पान हातात घेतलं. मग वाटलं, हे घरात कोणी बघितलं तर? मी ते चुलीपाशी नेलं. आंघोळीचं पाणी तापवायची आमची चूल मागे असते, तिच्यात निखारे होते. मी ते पान त्यात टाकलं आणि जळून जाईपर्यंत उभा राहिलो. सुनंदाने ते बघितलं. त्यावर आजपर्यंत ती एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी गेलो नाही. संध्याकाळी पेणहून नवी नळी आणली आणि बसवली, एवढंच केलं. पंधरा दिवसांनी नाना-नानी रोह्याला राहायला गेले. कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याने खोली बघून दिली होती. टेम्पो भरायला वाडीतली माणसं आली होती. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. नानाने घराला कुलूप लावलं, दोन पावलं गेला, परत आला, कुलूप उघडून आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. रिकाम्या घरात तो काय तपासायला गेला होता ते सगळ्या गावाला माहीत होतं.

यानाचा शेवटचा भाग मी अजून बघितलेला नाही. मुलीच्या मोबाईलवर आहे तो. ती विचारते, "बाबा, लावू का?" मी नको म्हणतो. ती करड्या कपड्यातली बाई बोलली की नाही हे मला जाणून घ्यायचं नाही. बोलली असेल तर मी तिच्याकडे बघू शकणार नाही.

नानाला मी त्यानंतर एकदाच बघितलं. मनीषाच्या लग्नाची तारीख पक्की करायला आम्ही रोह्याला गेलो होतो. गावकीचा मान म्हणून धर्मातात्या आणि आणखी दोघं बरोबर होते. बोलणं नीट झालं, सगळे खुशीत होते. एसटी स्टँडजवळच्या एका टपरीवर चहाला थांबलो. बाकावर टोकाला नाना बसला होता. वाळला होता बराच. मांडीवर तीच निळ्या पुठ्ठ्याची वही.

त्याने मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात माझ्या मागचा तात्या त्याला दिसला. चेहरा लगेच मिटला.

टपरीवाला त्याच्या चांगल्या ओळखीचा असावा. म्हणाला, "नाना, हे पेणकडचेच दिसतात. तुमच्या गावचे काय?"

तात्या माझ्याकडे बघत होता.

"नाय रं," नाना म्हणाला. "मी नाय वळखत यांना."

आणि मला बरं वाटलं. इथवर लिहिलेलं सगळं सांगता आलं, हे सांगताना हात थांबतो. मला सुटल्यासारखं वाटलं. बहिणीचं लग्न वाचलं, असं वाटलं.

नानाने चहा संपवला. उठला. चपला घातलेल्याच होत्या, तरी शेगडीकडे वाकला. टपरीवाल्याच्या सिलिंडरवर हात ठेवला, नळीवरून अंगठा फिरवला. मग टपरीवाल्याकडेच बघत, पण जरा मोठ्याने विचारलं, "नळी बदलली का रं?"

टपरीवाला म्हणाला, "कधीच, नाना. तुम्हीच तर आणलीत."

नाना तरी हलला नाही. वाकलेलाच राहिला, पाठ माझ्याकडे करून, हात नळीवर. "बदलली ना?" त्याने पुन्हा विचारलं.

एक शब्द होता. बदलली. चहाचा ग्लास तोंडाला लावता लावता, कोणाकडेही न बघता म्हणता आला असता. तो थांबला होता तेवढ्यासाठी. मी ग्लासातल्या चहाकडे बघत राहिलो.

मग तो सरळ झाला, वही काखेत मारली आणि स्टँडच्या गर्दीतून निघून गेला.

"काय विचारत होता काय तो तुला?" तात्याने विचारलं.

"मला?" मी म्हटलं. "नाय."

रोहा इथून तासाभराच्या वाटेवर आहे. मनीषाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. गाडी रोज जाते.